डालगं

डालग्यावरचा दगड काढला, कड वर उचलली आणि भाताची वाटी आत सरकवली. रोज माझ्या बोटावर टोच मारणारी कोंबडी त्या दिवशी जागची हलली नाही.

डालगं म्हणजे बांबूचं मोठं पालथं टोपलं. त्याखाली कोंबड्या कोंडतात. मी ते पुरतं उचलून बाजूला ठेवलं. कोंबडी धड बसली नव्हती, धड पडलीही नव्हती. मागच्या सांध्यांवर टेकून राहिली होती आणि पायांची बोटं मुठीसारखी आत वळली होती. मी मागून हात लावला तशी तिनं पंख फडफडवून उठायचा जोर केला. पंख उठले, पाय उठले नाहीत. एका अंगावर कलली आणि माझ्याकडं बघत राहिली.

"मेली काय रे?" गडग्यापलीकडून हौसाक्का ओरडली.

"मेली न्हाई. उठंना झालीय."

हौसाक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिच्या आणि माझ्या परसात दगडांचा एक गडगा, आणि तो तिला अडवण्यापुरता कधीच उंच नव्हता. आली, वाकली, कोंबडीचा पाय धरून हलवला आणि सोडला. पाय चिंधीसारखा खाली पडला.

"वारं गेलंय पायातनं," ती म्हणाली. "रविवारपर्यंत बघ. न्हाईतर मसाला माझ्याकडं हाय."

"हौसाक्का."

"बरं, न्हाई बोलत. पर तिच्याकडं असं बघू नगंस. तिला वाटंल, खरंच मरायला लागलीय."

मला त्या कोंबडीचं एवढं का लागलं होतं ते सांगतो. माझी बायको मालन फाल्गुनात गेली. जायच्या आधी नऊ दिवस तिनं खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी ठेवली होती. प्रत्येक अंड्यावर कोळशाची एक रेघ, म्हणजे मागाहून घातलेलं अंडं ओळखू यावं. नवव्या दिवशी दुपारी भांडी घासता घासता ती बसली आणि तिथंच संपली. पुढचे दिवस कसे गेले मला आठवत नाही. एवढं आठवतं की बाराव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं, भटजी आत होते आणि कुणीतरी परसातून ओरडलं, पिल्लं निघाली. नऊ आणि बारा एकवीस. अंड्यांनी आपला हिशोब बरोबर ठेवला होता.

अकराच्या अकरा निघाली. काही घारीनं नेली, काही रोगानं गेली आणि उरलेली दसऱ्याच्या आसपास मुंगसानं उचलली, त्यांच्या आईसकट. राहिली ही एकटी. बाराव्याला जन्मली म्हणून हौसाक्कानं तिचं नाव बारावी ठेवलं होतं. मालनच्या हातचं एवढंच शिल्लक होतं. बाकी मग भांडी, लुगडी, फोटो. ते काही श्वास घेत नव्हतं.

मी एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं फिटर होतो. गाडी एका बाजूला ओढते म्हटल्यावर मी कधी ड्रायव्हरचं ऐकून घेतलं नाही. सरळ खाली शिरायचो. कोंबडीचंही तसंच केलं. खाटेवर जुनं पोतं अंथरलं, तिला उताणी धरली आणि एकेक सांधा चाचपला. हाड मोडलेलं नव्हतं. सूज नव्हती. तळव्याला जखम नव्हती. पायात दोरा अडकलेला नव्हता. सगळे पार्ट जागेवर आणि गाडी चालत नव्हती. असली गाडी फिटरला सगळ्यात जास्त छळते.

पहिल्या दिवशी हौसाक्काच्या सांगण्यावरून लसूण घालून तेल कढवलं आणि पाय चोळले. कोंबडी उठली नाही, पण तिचा वास असा सुटला की हौसाक्काचं कुत्रं दिवसभर गडग्यावर पाय ठेवून उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी काळा दोरा बांधला. तो मी बांधला नाही, हौसाक्कानं बांधला, आणि बांधताना मला म्हणाली, "तूबी एक बांध. पायातनं चपला गळत्यात तुझ्या."

ते खरं होतं. दिवाळीपासून माझ्या चपला पायातून निसटायच्या. मी चांभाराकडून दोनदा पट्टे घट्ट करून आणले होते. माझं म्हणणं, हल्ली चपलाच वाईट येतात.

संध्याकाळी इचलकरंजीहून लेकीचा, वंदनाचा फोन आला. रोज साडेसातला यायचा.

"जेवला काय, आप्पा?"

"जेवलो की."

"काय केलं होतं?"

"सगळं केलं होतं."

"सगळं म्हणजे?"

"अगं, कोंबडी आजारी हाय माझी. तू काय भाजीचं विचारत बसलीस?"

"कोंबडीला काय झालंय?"

मग पंधरा मिनिटं कोंबडीवर गेली. माझ्या जेवणावरून बोलणं दुसरीकडं न्यायला कोंबडी बरी पडली.

तिसऱ्या दिवशी बारावीनं भाताला तोंड लावलं नाही. तेव्हा मात्र मी डेपोतली कॅनव्हासची हत्यारांची पिशवी रिकामी केली, तळाला गवत घातलं, तिला आत बसवलं आणि मान तेवढी बाहेर ठेवून निघालो. जनावरांचा सरकारी दवाखाना आमच्या नांगरवाडीपासून तीन किलोमीटर. अर्धी वाट पाणंदीची, शेतांमधल्या मऊ मातीची. पाणंद संपली की मोठा रस्ता. त्याचं तेव्हा रुंदीकरण चालू होतं, नुसती खडी पसरली होती. वाटेत भेटेल तो पिशवीकडं बघून विचारायचा, "काय रंगराव, पाहुणे आलेत काय घरी?" मी पिशवी छातीशी धरून चालत राहिलो.

दवाखान्यात डॉक्टरबाई नवीन आल्या होत्या. मेश्राम आडनाव, भंडाऱ्याकडच्या, माझ्या वंदनापेक्षाही लहान. समोर एक म्हैस उभी होती, तिच्या पोटात हात घालून बाई निवांत बोलत होत्या. म्हैस झाल्यावर हात धुतले आणि वही ओढली.

"नाव?"

"रंगराव भोसकर."

"जनावर?"

"कोंबडी."

"एकच?"

"एकच हाय."

"तिला काही नाव आहे?"

"बारावी."

बाईंनी मान वर केली. "पास की नापास?"

"अजून निकाल लागायचाय," मी म्हटलं. बाई हसल्या. का ठेवलं ते नाव, ते मी सांगितलं नाही. म्हैसवाला अजून दारात उभा होता.

त्यांनी बारावीला टेबलावर घेतलं. मी बघत होतो, कारण हात कसे चालतात त्यावरून मला माणूस कळतो. यांचे हात घाई करत नव्हते. डोळे बघितले, तुरा बघितला, पिसं फुंकून कातडीवर उवा-गोचीड बघितली. पोट चाचपून अंडं अडकलंय का ते बघितलं. अडकलेलं अंडं आतल्या नसेवर दाब देतं, त्यानंही पाय जातात, म्हणाल्या. तसं काही नव्हतं. मग पायाच्या बोटाला चिमटा काढला. बारावीनं पाय जरासा, केसभर, मागं ओढला.

"दिसलं?"

"दिसलं."

"म्हणजे सगळीच वाट बंद नाही. बरं, पडते कशी? एक पाय पुढं आणि एक मागं, असं?"

"न्हाई. दोन्ही सारखेच."

"हे चांगलं. एक पुढं एक मागं पडली असती, डोळा राखाडी झाला असता, तर मी तुम्हाला पिशवीसकट परत पाठवलं असतं. तो एक आजार आहे, त्याला औषध नाही. पिल्लू एक दिवसाचं असताना लस दिली तरच. तो नाहीच असं मी छातीठोक सांगत नाही हं. पण आधी दुसरं बघू. अंडी देते?"

"आठवड्यापूर्वीपर्यंत दिवसाआड."

"कवच कसं?"

अंडी मी खात नव्हतो. मालनच्या कोंबडीचं अंडं माझ्या घशाखाली उतरायचं नाही, म्हणून गडग्यावरून हौसाक्काला द्यायचो. ती महिनाभर कुरकुरत होती, तुझी अंडी हातात धरली तरी फुटतात. परवाचं तर नुसती पिशवीच होती, वर कवच नाही. ते मी सांगितलं.

"म्हणजे अंगातला चुना सगळा अंड्यात गेला. खाते काय?"

"भात."

"आणि?"

"भातच. मी जे खातो तेच. मी तिला परकं मानलं न्हाई."

"चरायला कुठं जाते?"

"सोडत न्हाई चरायला. डालग्यात असते."

"दिवसासुद्धा?"

"दिवसासुद्धा. मुंगूस हाय आमच्याकडं."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

तेव्हा संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. बाईंनी बोटांवर मोजलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, शंभर दिवस तिला ऊन नाही, किडा नाही, हिरवं पान नाही, एक खडा नाही. वर पॉलिशचा पांढरा भात. मुंगसानं एका दिवसात केलं असतं, ते तुम्ही शंभर दिवस पुरवून केलं."

मला राग आला. चौतीस वर्षं साहेबांचं ऐकून घेतलं होतं, पण ते गाडीबद्दल. मी म्हटलं, "वाचवली तिला मी. पडवीत डालग्याची जागासुद्धा रोज बदलतो."

"वाचवलीत, खरंय," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "बोलले मी जास्त. आणि तुम्ही काय खाता?"

"मी काय?"

"तुम्हीच म्हणालात ना, तुम्ही खाता तेच तिला."

"भात. लोणचं असतं. चहा."

"दूध घालून?"

"एकट्यासाठी कुठं दूध घ्यायचं?"

"भाजी? डाळ? मटण, मासे?"

"मटण वर्षभर पाळायचं असतं आमच्यात. घरात माणूस गेलं की."

बाई टेबलाखाली बघून म्हणाल्या, "काका, तुमची दुसरी चप्पल कुठं आहे?"

मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी होता, घोट्यापर्यंत धुळीनं पांढरा, आणि अंगठ्याचं नख अर्धं उचकटून रक्त वाळून काळं झालं होतं.

मला ते माहीतच नव्हतं.

बाई टेबलाला वळसा घालून आल्या. "पाय वर घ्या," म्हणाल्या. मी स्टुलावर पाय ठेवला. त्यांनी पेनाचं टोपण हातात घेतलं आणि मला दुसरीकडं बघायला सांगितलं.

"कळतंय?"

"व्हय," मी म्हटलं. खोटंच. बारावी टेबलावर आडवी पडून माझ्याकडं एका डोळ्यानं बघत होती.

"मी अजून लावलंच नाही," बाई म्हणाल्या.

मी पाय खाली घेतला. बाईंनीही मग काही ताणलं नाही. जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर. माणसाला औषध देणं माझं काम नाही. पण या पायाकडं माणसांच्या डॉक्टरनं बघायला हवं, आणि लवकर. पिशवीवरून तुम्ही फिटर दिसता. वायर कुठं तुटलीय ते न बघता तुम्ही नुसता बल्ब बदलत बसला असतात का?"

"आधी हिचं सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. बी जीवनसत्त्वाचे थेंब पाण्यातून, रोज ताजं पाणी. कॅल्शियमचं औषध चोचीच्या कडेनं, हळूहळू, ठसका लागू न देता. कोवळं ऊन. खाली मऊ भुसा, आणि दिवसातून चार वेळा कूस बदलायची, नाहीतर छातीला फोड येतात. दाणापाणी तोंडाजवळ. भात बंद. नाचणीची, नाहीतर ज्वारीची भाकरी कुस्करून, शेवग्याचा पाला, सुकट, अंड्याची टरफलं भाजून चुरून. बोटं दिवसातून तीनदा सरळ करून चोळायची.

"आठ दिवस बघा. कमतरता असेल तर फरक दिसेल. नसेल तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "दुसरी चप्पल शोधा जाताना."

चप्पल पाणंदीच्या तोंडाशी पडली होती, जिथं माती संपून खडी सुरू होते तिथंच. तिथून दवाखान्यापर्यंत दीड किलोमीटर मी त्या खडीवरून एका पायानं अनवाणी गेलो होतो, आणि सारा वेळ मनात एवढंच की पिशवी हलू नये.

घरी आल्यावर पहिली अडचण भाकरी. मी हौसाक्काकडं गेलो.

"दोन भाकरी दे. नाचणीच्या."

"कुणाला?"

"कोंबडीला."

हौसाक्का चुलीपुढून उठलीच नाही. "मालन गेली तवा महिनाभर भाकरी घेऊन आल्यावर मला दारातनं परत लावत हुतास. जेवलोय म्हणून सांगत हुतास. आन् आता कोंबडीसाठी हात पसरतोस?"

"दे की."

"पीठ देईन. थाप तू."

"मला येत न्हाई."

"कोंबडीला कुठं म्हाईत हाय, कशी असावी लागती ते?"

पीठ घेऊन आलो. घरात मालनची परात भिंतीला टेकून उभी होती. जायच्या दिवशी घासून तिनंच तशी उभी केली होती. तवा खुंटीवर. मी दहा महिने कुकर सोडून कशाला हात लावला नव्हता. ती असताना एकदा माझ्या मागंच लागली होती, भाकरी तेवढी शिकून ठेवा म्हणून. मी म्हटलं, तू हाईस की. ती म्हणाली, तुम्हीच आधी जाणार असं कुणी लिहून दिलंय काय? मी पिठाचे हात झटकून डेपोला निघून गेलो होतो. त्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, दोन तास आधीच गेलो.

परात आडवी केली. तिच्या तळाला कोळ्यानं जाळं केलं होतं, ते पुसलं आणि बसलो.

पहिली भाकरी तव्यावर जायच्या आधीच तीन ठिकाणी फाटली. दुसरी गेली, पण उलटताना अर्धी तव्याला आणि अर्धी माझ्या हाताला. तिसरी गोल झाली नाही, पण एक झाली. हौसाक्का गडग्यावरून बघत होती. "कर्नाटकाचा नकाशा झाला बघ," म्हणाली. "आता पुढच्या खेपेला महाराष्ट्र करून बघ."

ती तिसरी मी शेवग्याचा पाला आणि सुकट घालून कुस्करली आणि बारावीच्या तोंडापुढं ठेवली. तिनं बराच वेळ तिच्याकडं संशयानं बघितलं. मग एक टोच मारली. मग दुसरी. मग मान वर न करता खात सुटली.

फाटक्या दोन भाकऱ्या उरल्या होत्या. टाकणार कशा? मी लोणच्याबरोबर खाल्ल्या. कडेला करपल्या होत्या, मधे कच्च्या होत्या. आणखी एक थापून खाल्ली.

फिटरपणा मात्र सुटला नाही. एका पिशवीला दोन भोकं पाडून मी त्यातून तिचे पाय खाली सोडले आणि पिशवी पेरूच्या फांदीला अशी टांगली की पायाची बोटं जेमतेम जमिनीला टेकावीत. सकाळचं ऊन तिथं बरोबर यायचं. सांध्यांवरचा भार गेला आणि पाय हलवायला मोकळे. हौसाक्का बघून म्हणाली, "पाळणाबी बांधलास व्हय? बायका बोलावू काय, नाव ठेवायला?"

"नाव तूच ठेवलंयस आधी."

"मग घुगऱ्या तरी वाट."

औषध सुरू केल्यापासून चौथ्या दिवशी बोटं थोडी उघडली. मी चोळत होतो आणि माझ्या बोटाला तिच्या बोटानं धरल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी पिशवीत असताना ती पाय मारायला लागली, सायकल मारावी तसे. मला वाटलं झालं काम. खाली ठेवली तर तशीच टेकली सांध्यांवर. सातव्या दिवशीही तेच. माझ्या भाकऱ्या तेवढ्या गोल व्हायला लागल्या होत्या. वंदनाला फोनवर मी सांगितलं की आज शेवग्याची भाजी आणि नाचणीची भाकरी केली. तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं. मला वाटलं रेंज नाही.

आठव्या दिवशी सकाळी मी पेरूखाली बसून होतो. बारावी पिशवीतून भाकरी खात होती. पाय लोंबत होते.

हौसाक्का गडग्याजवळ आली. "आठ झाले."

"मला येतंय मोजायला."

"आन् तुझ्या पायाचं काय?"

"काय व्हायचंय पायाला?"

"त्या दिवशी पट्टी बांधून आलास. मी आंधळी न्हाई. काल चुलीतलं लाकूड पायानं आत ढकललंस, निखाऱ्यावर बोट टेकलं तरी तुला कळलं न्हाई. चामड्याचा वास हिकडं आला."

मी पाय खाटेखाली ओढला.

"दवाखान्यात कवा जातोस?"

"ही उठली की जातो."

"आन् न्हाई उठली तर?"

मी भाकरीचा तुकडा बारावीच्या तोंडाशी धरला. हौसाक्का गडगा ओलांडून आली, माझ्या हातातून तो तुकडा काढून घेतला आणि म्हणाली, "तसं ठरवलंयस व्हय? तिच्यावर टाकून मोकळा झालास. दीड शेराची कोंबडी ती. आदुगर मालनवर सगळं टाकत हुतास, आता हिच्यावर. तिला उठायचं तवा ती उठंल. तू उठ."

मी उठलो. कपडे बदलले. साडेनवाच्या गाडीनं गेलो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रांग होती. डॉक्टरांनी पायाला सुई लावून बघितली, रक्त घेतलं, काय खाता विचारलं. या वेळी मी खरं सांगितलं. दहा महिने भात, आणि गेले आठ दिवस कोंबडीची भाकरी. डॉक्टर म्हणाले, कोंबडीची भाकरी म्हणजे काय? मी म्हटलं, साहेब, ते लांबेल. रिपोर्ट दोन दिवसांनी आला. साखर नव्हती. अंगात रक्त कमी आणि एक जीवनसत्त्व जवळजवळ शून्यावर. आणखी वर्षभर असाच राहिला असता तर काठी लागली असती, आणि गेलेलं सगळं परत आलंही नसतं, म्हणाले. इंजेक्शनं सुरू झाली.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी दीडच्या गाडीनं परत आलो. परसात गेलो तर पेरूला नुसती पिशवी लोंबत होती.

हौसाक्काच्या घरातून मसाल्याचा वास येत होता.

"हौसाक्का!"

"वरडू नगंस, वांगी हाईत," आतून आवाज आला. "उकिरड्यावर बघ."

गडग्यापलीकडं तिच्या उकिरड्यावर बारावी उभी होती. पाय फाकलेले, दारू प्यायल्यासारखी डुलत होती, पण उभी होती. माझ्यासमोर एक पाय उचलून तिनं उकिरडा उकरला, तोल गेला, बसली. परत उठली.

हौसाक्का दारात आली. "तू गाडीत बसलास आन् तासाभरात पिशवीत धडपडाया लागली. मी खाली काढून ठेवली, तर चार पावलं गेली. तुझ्यादेखत उठायची लाज वाटत हुती तिला. आठ दिवस तिच्या तोंडाकडं बघत बसलास, उठंल कशी बाई माणूस?"

आठ दिवस मी टक लावून बसलो आणि नेमकं ते मला दिसलं नाही. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण भूक लागली होती. मी हौसाक्काकडं वांगी आणि भाकरी मागितली आणि तिच्या दारात बसून तीन भाकऱ्या खाल्ल्या. तिनंही या वेळी पिठाची गोष्ट काढली नाही.

दुसऱ्या दिवसापासून डालगं फक्त रात्री. दिवसा बारावी मोकळी. मुंगसाचं भय होतंच. खोटं कशाला सांगू, दोन वर्षांनी तिला मुंगसानंच नेली. मी गडग्याशी नुसती पिसं वेचली. पण तोवर ती तीनदा खुडूक झाली होती आणि प्रत्येक वेळी मी तिच्याखाली अंडी ठेवली, कोळशाची एकेक रेघ ओढून. आता सहा वर्षं झाली. परसात हिंडतात त्या तिच्या नाती-पणत्या. एकीचंही नाव ठेवलेलं नाही.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट तेवढी राहिली. मालनचं वर्ष नुकतंच झालं होतं. वंदना आली होती, आत पुरणाची डाळ निवडत होती आणि मी भाकरी करत होतो, कारण ती माझ्या हातची खायची म्हणून अडून बसली होती. एवढ्यात बारावी हौसाक्काच्या वाळवणात शिरल्याची हाक आली. मी पिठाच्या हातानं तसाच धावलो, चप्पल न घालता. गडगा ओलांडला, पलीकडं पाय टेकला आणि जागीच थांबलो.

"काय झालं?" हौसाक्का म्हणाली. तिच्या एका हातात सूप होतं, दुसऱ्यानं ती बारावीला हुसकावत होती.

"खडा टोचला."

"मग काढ की. हसतोस काय एकटाच?"

मी पाय उचलला नाही. खडा लहानच होता, पण टोकदार. मी आणखी थोडा भार टाकला त्याच्यावर.

"हौसाक्का," मी म्हटलं, "टोचला."

तिनं माझ्या पायाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. हातातलं सूप तिनं हळूच खाली ठेवलं, आणि बारावी खुशाल वाळवण खात राहिली.